पळालेला चोर आणि काढून टाकलेला ‘टू’

महाराष्ट्रातील शालेय जीवनात इंग्रजी या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन भाषा नांदतात. पहिली इंग्लंड, अमेरिका आदी देशांत बोलली जाते, तिच्यात वर्तमानपत्रे निघतात, विमानतळांवर घोषणा होतात आणि रिक्षावाल्याशी वाद रंगात आला की ती सुशिक्षितांच्या तोंडून आपोआप बाहेर पडते. तिच्याशी प्रस्तुत विवेचनाचा संबंध बेताचाच आहे. दुसरी भाषा दरवर्षी परीक्षेच्या मोसमात तीन तासांपुरती प्रकट होते. ती कोणी बोलत नाही, तिच्यात पत्र लिहायचेच झाले तर ते मुख्याध्यापकांना, महापालिका आयुक्तांना किंवा वसतिगृहात राहणाऱ्या एखाद्या धाकट्या भावाला लिहिले जाते, आणि तिच्यातील बहुतेक वाक्ये छापली जातात ती केवळ विद्यार्थ्याने ती बदलून द्यावीत म्हणून. या दुसऱ्या भाषेला सोयीसाठी ‘प्रश्नपत्रिकेतील इंग्रजी’ म्हणता येईल. तिला स्वतःचे व्याकरण आहे, स्वतःचा शब्दसंग्रह आहे, साहित्यही आहे. परंतु तिचे खरे वैभव आहे तिचा मदतनीसवर्ग.

मदतनीस म्हणजे विद्यार्थ्याने विचारलेल्या इंग्रजी प्रश्नाचे उत्तर मराठीतून देणारी व्यक्ती अथवा वस्तू. व्याख्येत वस्तूचा समावेश मुद्दाम केला आहे, कारण या क्षेत्रात गाईड नावाच्या पुस्तकाचा अधिकार कोणत्याही जिवंत शिक्षकापेक्षा मोठा मानला जातो. सजीव मदतनीसांत पहिला मान शेजारच्या निवृत्त काकांचा. बँकेत किंवा टपाल खात्यात हयातभर इंग्रजीतून टिपणे लिहिल्यामुळे त्यांचे ‘ग्रामर पक्के’ असल्याची ख्याती सोसायटीत पसरलेली असते, आणि त्यांच्याकडे दोन गुणांचा प्रश्न घेऊन गेलेले मूल तासाभराने पार्टिसिपल या विषयाचे संपूर्ण ज्ञान घेऊन, पण प्रश्न तसाच ठेवून, घरी परतते. दुसरा मान आत्याचा. तिने इंग्रजी विषय घेऊन बी.ए. केलेले असते, ही गोष्ट कुटुंबाला एरवी आठवत नाही, फेब्रुवारीत मात्र हमखास आठवते. काका नियम सांगतात. आत्या म्हणते, ‘अरे, वाक्य मोठ्याने वाचून बघ, कानाला बरे लागते ते लिही.’ भाषाशास्त्राच्या दृष्टीने आत्याचेच म्हणणे खरे आहे, परंतु ज्या मुलाच्या कानाने ती भाषा कधी ऐकलेलीच नाही त्याला दोन्ही वाक्ये सारखीच बरी लागतात. तिसरे क्लासचे सर. ते नियमाच्या वाटेला जात नाहीत, कानाच्याही नाही. ते ‘ट्रिक’ देतात. नियमातून कारण वजा केले की जे उरते त्याला ट्रिक म्हणतात, आणि तिची किंमत हप्त्याहप्त्याने भरता येते.

या परंपरेचे मूळ शोधू गेल्यास दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्यापाशी थोडे थांबावे लागते. दादोबांनी १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले, आणि ते रचताना इंग्रजी व्याकरणाची मांडणी नजरेसमोर ठेवली. मराठी माणसाला आपली भाषा कशी चालते हे अशा रीतीने इंग्रजी चौकटीतून दाखवण्यात आले, आणि पुढे त्याच चौकटीतील मराठी संज्ञा वापरून त्याला इंग्रजी समजावण्यात येऊ लागले. शेजाऱ्याकडून उसनी आणलेली साखर त्यालाच चहात घालून पाजावी, तसा हा व्यवहार झाला. तर्खडकर हेच आडनाव मिरवणाऱ्या भाषांतरपाठमालेचे तीन भाग घासून आजोबांच्या पिढीने इंग्रजी कमावले. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा, हा तिचा क्रम असे. एका वाक्याचा पुढच्या वाक्याशी संबंध असावा अशी त्यात कोणाची अपेक्षा नव्हती, आणि त्यामुळे त्या पिढीतील वृद्ध आजही इंग्रजीत बोलू लागले की प्रत्येक वाक्य नव्या विषयावर असते. परंतु ती पाठमाला सोडवणारा माणूस निदान अख्खे वाक्य स्वतः रचत होता, हे तिच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे.

तिच्या शेजारी फळीवर उभा असतो तो ‘रेन अँड मार्टिन’. ग्रंथाच्या नावातील दोघे इतके एकजीव झाले आहेत की पुष्कळांना ते एकाच गृहस्थाचे नाव व आडनाव वाटते. यांतील पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते, आणि इंग्लंडात त्यांना ओळखले जाते ते व्याकरणकार म्हणून नव्हे, तर १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बो जेस्ट’ या साहसकादंबरीचे कर्ते म्हणून. तिच्यात एक मौल्यवान नीलमणी चोरीला जातो, आणि तीन भाऊ चोरीचा आळ स्वतःवर ओढवून घेत एकामागून एक घरातून पळून जाऊन फ्रेंचांच्या परदेशी पलटणीत भरती होतात. हा तपशील येथे देण्याचे कारण एवढेच की, प्रश्नपत्रिकेतील इंग्रजीचा नायकही चोर आहे आणि तोही पळतो.

हा चोर ‘ट्रान्सफॉर्मेशन’ या प्रकरणात भेटतो. ट्रान्सफॉर्मेशन म्हणजे अर्थ न बदलता वाक्याची रचना बदलणे. मूळ वाक्याचा मथितार्थ असा असतो की, पोलीस दिसताच चोर पळाला. हे इंग्रजीत ‘ॲज सून ॲज’ने सांगता येते, आणि तसे सांगितल्याने पोलीस, चोर व वाचक या तिघांचेही समाधान होते, तथापि परीक्षकाचे होत नाही. त्याला ते ‘नो सूनर’ने हवे असते. ‘नो सूनर’ आले की पाठोपाठ ‘डिड’ येतो, ‘डिड’ आला की ‘सॉ’चे ‘सी’ होते, आणि पुढच्या उपवाक्याच्या दारात ‘दॅन’ उभा करावा लागतो. तेथे ‘देन’ किंवा ‘व्हेन’ लिहिणारा विद्यार्थी जागीच पकडला जातो. पिढ्यान् पिढ्या हा चोर सुखरूप पळत आला आहे, आणि त्याच्या पळण्याचा वृत्तान्त देणारे मात्र गुणांना मुकले आहेत. ‘सर, पण इंग्लंडमधली माणसे चोर पळाल्यावर असे बोलतात का?’ हा प्रश्न अजून कोणत्याही क्लासमध्ये विचारला गेल्याची नोंद नाही, कारण ‘याला किती मार्क?’ या मूलभूत प्रश्नानंतर वेळ उरत नाही.

चोराखालोखाल महत्त्व आहे ‘टू’ या अव्ययाला. चहा पिण्याच्या पलीकडे गरम आहे, हे सांगण्यासाठी इंग्रज माणूस ‘टू’ वापरतो आणि चहा निवण्याची वाट पाहतो. महाराष्ट्रात या वाक्याखाली ‘टू काढून टाका’ अशी आज्ञा असते. मग ‘सो’ आणावा लागतो, ‘दॅट’ आणावा लागतो, वाक्यात कोठेही नसलेला नकार बाहेरून आणून बसवावा लागतो, आणि भूतकाळ असल्यास ‘कॅनॉट’चे ‘कुड नॉट’ करावे लागते. एवढे होईपर्यंत चहा खरोखर पिण्याजोगा झालेला असतो. दरवर्षी लक्षावधी उत्तरपत्रिकांतून काढून टाकलेल्या या ‘टू’चा विचार केला, तर इंग्रजी ही नको असलेल्या शब्दांनी भरलेली भाषा असून तिच्या साफसफाईचे काम दीर्घ मुदतीच्या कराराने महाराष्ट्राकडे आले आहे, असा एखाद्या परकीय अभ्यासकाचा समज होणे अगदी शक्य आहे. याच खात्याची दुसरी शाखा ‘डिग्री’ची. मुंबई हे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे शहर आहे, हे एकदा सांगून भागत नाही. मुंबई इतर कोणत्याही शहरापेक्षा मोठी आहे असे दुसऱ्यांदा, आणि मुंबईएवढे मोठे दुसरे एकही शहर महाराष्ट्रात नाही असे तिसऱ्यांदा प्रतिज्ञेवर सांगावे लागते. नागपूरच्या विद्यार्थ्यानेही ते सांगितले पाहिजे, आणि तो बिचारा सांगतो.

आता ‘व्हॉइस’. येथे मात्र थोडे सविस्तर थांबणे आवश्यक आहे, कारण मदतनीस आणि विद्यार्थी या दोघांचीही बुद्धी जेथे खरोखर पणाला लागते असे हे एकमेव स्थळ असावे. इंग्रजीत व्हॉइस दोन, ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह. काम करणारा पुढे असला तर ॲक्टिव्ह, ज्यावर काम होते तो पुढे आला तर पॅसिव्ह. मदतनीस हे मराठीतून समजावताना ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणी असे सांगून मोकळा होतो. परंतु मराठीत प्रयोग तीन आहेत. क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलले तर कर्तरी, म्हणजे ‘राम आंबा खातो’ आणि ‘सीता आंबा खाते’. क्रियापद कर्माचे ऐकू लागले तर कर्मणी; ‘रामाने आंबा खाल्ला’, पण आंब्याच्या जागी चिंच ठेवताच ‘खाल्ली’. आणि क्रियापदाने कोणाचेच ऐकले नाही तर भावे. ‘रामाने रावणाला मारले’, येथे रावणाच्या जागी त्राटिका आणली तरी क्रियापद ढिम्म हलत नाही. आता अडचण अशी की, रामाने आंबा खाल्ला हे वाक्य इंग्रजीत गेले की निखळ ॲक्टिव्ह होते, आणि मराठीत ते जन्मतःच कर्मणी आहे. वर्गातील एखादी चौकस मुलगी विचारते, ‘बाई, हे कर्मणीच आहे ना? मग याचे कर्मणी काय करायचे?’ प्रश्न अत्यंत मार्मिक आहे, आणि व्याकरणाच्या इतिहासात अशा प्रश्नांनी ग्रंथ घडले आहेत. वर्गात मात्र त्याला ‘आधी दिलेले कर, मग शंका काढ’ असे उत्तर मिळते.

या पेचातून सुटण्यासाठी मदतनीसांनी मराठीलाच थोडे वाकवले. ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’, ‘रावण रामाकडून मारला गेला’ अशी वाक्ये तयार झाली. घरात कोणी असे बोलत नाही. आंबा कोणाकडून खाल्ला गेला ही भाषा पंचनाम्यात शोभते, आणि ती तेथे वापरलीही जाते. तरीही इंग्रजी पॅसिव्हच्या धर्तीवर आलेली ही रचना इतकी रुळली की मराठी व्याकरणकारांना तिची दखल घेऊन तिला ‘नवीन कर्मणी’ किंवा ‘कर्मकर्तरी’ असे नाव द्यावे लागले, आणि आता स्पर्धापरीक्षांच्या मराठीच्या तयारीत ‘पुढीलपैकी नवीन कर्मणी प्रयोगाचे वाक्य ओळखा’ अशा प्रश्नाचाही सराव करावा लागतो. इंग्रजीचा प्रश्न सोडवता सोडवता मराठीत एक प्रश्न वाढला, आणि त्यासाठी स्वतंत्र मदतनीस निर्माण झाले. आर्थिक दृष्टीने ही घटना स्वागतार्ह म्हटली पाहिजे.

रामाच्या आंब्याची कहाणी येथेच संपत नाही, कारण त्याला तो बारा काळांतून खायचा असतो. साध्या वर्तमानकाळात खाताना क्रियापदाला ‘एस’ लावावा लागतो, आणि ‘एस लावलास का?’ हा महाराष्ट्रातील मदतनीसांनी सर्वाधिक वेळा उच्चारलेला प्रश्न असावा. पुढे पूर्ण काळात तो आंबा खाऊन संपवतो, परंतु पूर्ण चालू काळात त्याला तोच आंबा सकाळपासून खात बसावे लागते. आणि भविष्यातील पूर्ण चालू काळ आला की, उद्या संध्याकाळचे पाच वाजतील तेव्हा राम गेले तीन तास आंबा खात आलेला असेल, अशी परिस्थिती ओढवते. हापूस पाच मिनिटांत संपवणाऱ्या रत्नागिरीच्या मुलाला या काळाची उपयुक्तता पटत नाही, आणि ती पटवून देण्याच्या भानगडीत कोणी पडतही नाही. याच प्रकरणात ‘आय’ आणि ‘वुई’ यांच्यापुढे ‘शॅल’ व इतरांपुढे ‘विल’ हा नियम पाठ करून घेतला जातो. हा नियम जॉन वॉलिस यांनी १६५३ सालच्या आपल्या लॅटिन भाषेत लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला होता. वॉलिस हे ऑक्सफर्डचे गणिती, अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह रूढ केले ते यांनीच. बोलणाऱ्या इंग्रजांनी त्यांचा नियम कधीच फारसा मनावर घेतला नाही, परंतु गावोगावच्या शिकवण्यांतून तो आजही पाळला जात असल्यामुळे वॉलिस आणि अनंत यांचे नाते अबाधित राहिले आहे.

‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ या प्रकरणाबद्दल मराठी मुलाची तक्रार मात्र सकारण आहे. दुसऱ्याचे बोलणे तिसऱ्याला सांगताना मराठी माणूस ते जसेच्या तसे उचलतो. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ या वाक्यातील ‘मी’ कोण याविषयी महाराष्ट्रात गैरसमज होत नाही. इंग्रजीत हेच करताना ‘मी’चा ‘तो’ होतो, वर्तमानकाळ एक पायरी मागे सरकतो, ‘उद्या’ दुसऱ्या दिवशी जाऊन बसतो, ‘येथे’चे ‘तेथे’ होते, आणि अवतरणचिन्हे काढून ठेवावी लागतात. सर्वांत कठीण प्रसंग उद्गारांचा. कोणी ‘हुर्रे’ म्हटले असेल तर तो आनंदाने उद्गारला असे लिहावे, आणि ‘अलास’ म्हटले असेल तर दुःखाने उद्गारला असे लिहावे, एवढे दोनच मनोविकार या भाषेला मान्य आहेत. ‘अय्या’, ‘बाप रे’ आणि ‘च्यायला’ यांची रोज देवाणघेवाण करणाऱ्या समाजाला ते अपुरे वाटणे स्वाभाविक आहे.

शब्दसंग्रहाच्या बाबतीत मदतीची पद्धत ठरलेली असते. वहीत तीन रकाने आखायचे: शब्द, देवनागरीत उच्चार, आणि अर्थ. यातील मधला रकाना सर्वांत प्रामाणिक असून त्याचा परीक्षेत काहीच उपयोग होत नाही, कारण परीक्षेत स्पेलिंग लागते आणि इंग्रजी स्पेलिंगचा उच्चाराशी असलेला संबंध फार पूर्वीच तुटला आहे. म्हणून मदतनीसांनी एक समांतर उच्चारपद्धती विकसित केली; तिच्यात बुधवारला ‘वेड-नेस-डे’ म्हणतात, आणि हत्येसाठी असलेला लांबलचक शब्द दोन गाढवे, एक मी व एक राष्ट्र असा फोडून लक्षात ठेवतात. मोठ्या माणसांना ही पद्धत हास्यास्पद वाटते, पण दोष मुलांकडे जात नाही. कर्जासाठी असलेल्या ‘डेट’ या शब्दात ‘बी’ हे अक्षर पूर्वी नव्हते. फ्रेंचमधून आलेल्या त्या साध्या शब्दाचे लॅटिन घराणे जगाला दिसावे म्हणून तेथील विद्वानांनी ते आत घुसवले. बेटासाठी असलेल्या शब्दातील ‘एस’ तर निव्वळ चुकीने आला, कारण तो शब्द लॅटिन कुळातलाच नव्हता. म्हणजे चारपाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील काही पंडितांना लॅटिनचे प्रेम अनावर झाले, आणि त्याचा अर्धा गुण आज परभणीत कापला जातो.

‘अनसीन’ म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरील, पूर्वी न पाहिलेला उतारा. त्याच्याखालील प्रश्नांसाठी दिली जाणारी मदत इतकी परिपूर्ण आहे की तिच्यामुळे उतारा पाहिल्यानंतरही तो न पाहिलेलाच राहतो. प्रश्नातील ठळक शब्द उताऱ्यात शोधावेत, ते ज्या वाक्यात सापडतील ते वाक्य उतरावे, आणि खात्री नसेल तर त्याच्या मागचे व पुढचे वाक्यही उतरावे. अर्थाशी गाठ न पडता आकलनाचे गुण मिळवून देणारी ही युक्ती ज्याने शोधली त्याचे नाव काळाच्या ओघात हरवले, ही खेदाची गोष्ट होय.

साहित्याकडे वळल्यावर मदतनीसाचा स्वर किंचित गंभीर होतो. कवितेचे ‘ॲप्रिसिएशन’, म्हणजे मराठीत ज्याला रसग्रहण म्हणतात ते, लिहिण्यासाठी ठरावीक चौकट असते: कवितेचे नाव, कवीचे नाव, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. यमकरचना शोधण्यासाठी ओळीचा शेवटचा शब्द पुरतो आणि अनुप्रासासाठी पहिली अक्षरे पुरतात. मधल्या शब्दांना स्पर्श करण्याची गरज सहसा पडत नाही. अलंकारांत विद्यार्थ्यांचा सर्वाधिक विश्वास ‘इन्व्हर्जन’वर असतो. इन्व्हर्जन म्हणजे वाक्यातील शब्दांचा नेहमीचा क्रम उलटणे. छंदासाठी शब्द मागेपुढे करण्याची कवींना जुनी सवय असल्यामुळे तो बहुतेक कवितांत कोठे ना कोठे सापडतोच, आणि म्हणून दुसरे काही न सुचल्यास तो लिहावा असा संकेत आहे. यात एक गंमत अशी की, इंग्रज कवीने क्रियापद ओळीच्या शेवटी ढकलले की इंग्रज वाचकाला तो अलंकार वाटतो, आणि मराठी मुलाला वाटते की हा माणूस प्रथमच सरळ बोलला. मराठीत क्रियापद शेवटीच असते. त्या न्यायाने पाहता मराठी माणूस सकाळी दूधवाल्याशी बोलू लागल्यापासून रात्री दिवा मालवण्यास सांगेपर्यंत अखंड अलंकारिक बोलत असतो.

गद्यपाठांचा ‘मेसेज’ काढण्याची चाल तर आणखी जुनी आहे. प्रत्येक कथेच्या शेवटी लेखकाला काहीतरी सांगायचे असते आणि ते सामान्यतः प्रामाणिकपणा, त्याग किंवा मैत्री यांपैकी एक असते, असे गृहीत धरले जाते. ओ. हेन्री यांच्या कथा पाठ्यपुस्तककारांना फार प्रिय आहेत, आणि त्यांतून वर्षानुवर्षे सचोटीचा संदेश काढला जातो. स्वतः ओ. हेन्री बँकेतील पैशांच्या अफरातफरीबद्दल तुरुंगात जाऊन आले होते, ही माहिती गाईडच्या ‘लेखकपरिचय’ या सदरात बहुधा जागेअभावी येत नाही. त्यांच्या ‘आफ्टर ट्वेंटी इयर्स’ या कथेत वीस वर्षांनी मित्राला भेटायला आलेला गुन्हेगार, तो मित्रच पोलीस झालेला असल्यामुळे, अखेर पकडला जातो. व्याकरणविभागातून नेहमी निसटणारा चोर साहित्यविभागात सापडतो, यावरून साहित्याचे सामाजिक कार्य सिद्ध करता येण्याजोगे आहे; परंतु तसा प्रश्न ‘अपेक्षित’मध्ये नसल्यामुळे कोणी ते सिद्ध करून ठेवलेले नाही.

‘अपेक्षित’ म्हणजे येत्या परीक्षेत येण्याची शक्यता असलेल्या प्रश्नांचा संच. मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवून, कोणता प्रश्न मागच्या मार्चला येऊन गेला, कोणता बरेच दिवस आलेला नाही आणि म्हणून कोणाची पाळी आहे, याचे गणित त्यात मांडलेले असते. ज्या प्रश्नाची पाळी आली त्याच्यापुढे ‘आयएमपी’ असे लिहिले जाते, आणि फारच आली असेल तर तीन चांदण्या दिल्या जातात. अशा संचातून परीक्षेपूर्वीच्या पंधरवड्यात जेवढे इंग्रजी महाराष्ट्रात वाचले जाते तेवढे उरलेल्या वर्षात वाचले जात असेल की नाही, याची शंका आहे. २००० साली मराठी शाळांत इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून सुरू झाले, तेव्हा मुले आता इंग्रजी बोलू लागतील अशी पालकांना आशा होती. मुले काय बोलू लागली याबद्दल मतभेद आहेत. मदतनीसाची गरज पाचवीवरून पहिलीवर आली, याबद्दल मात्र मतभेद नाहीत.

अलीकडे या सर्व मदतनीसांना मोबाईलने मागे टाकले आहे. प्रश्नाचे छायाचित्र काढावे, आणि पापणी लवण्याच्या आत उत्तर हजर. तथापि या उत्तराचा दोष असा की ते फार चांगले असते. मुख्याध्यापकांना लिहिलेल्या रजेच्या अर्जात ताप आल्याचे निवेदन एखाद्या राजदूताच्या खलित्याला शोभेल अशा भाषेत उतरते, आणि ते पाहून बाई न तपासताच विचारतात, ‘हे कोणी लिहून दिले?’ त्यामुळे चतुर विद्यार्थी मोबाईलचे उत्तर वहीत उतरवताना एका ठिकाणी ‘एस’ गाळतात, दुसऱ्या ठिकाणी ‘द’ जास्तीचा घालतात आणि एका स्पेलिंगमध्ये ‘ई’ व ‘आय’ यांची अदलाबदल करतात. कोणती चूक केली असता उत्तर स्वतःचे वाटेल हे ठरवण्यासाठी व्याकरणाचे बऱ्यापैकी ज्ञान लागते, आणि ज्या मुलाला ते साधते त्याने मुळात मोबाईल घ्यायलाच नको होता. शेजारच्या काकांचेही महत्त्व यामुळे पूर्णपणे संपलेले नाही. मोबाईलने दिलेले उत्तर बरोबर आहे का, हे विचारण्यासाठी मुले आता त्यांच्याकडे जातात, आणि काका ते उत्तर वाचून, चष्मा काढून, ‘यात शॅल पाहिजे’ असे सांगतात.

दहावीच्या इंग्रजीच्या शंभर गुणांपैकी ८० गुण लेखी परीक्षेचे असून, वर वर्णिलेला सगळा खटाटोप त्यांच्यासाठी चालतो. उरलेले २० गुण शाळेकडे असतात. इंग्रजी ऐकता व बोलता येते की नाही हे त्यांत पाहायचे असते. मध्यंतरी एक वर्ष हे अंतर्गत गुण बंद करण्यात आले, तर २०१९ च्या मार्चचा दहावीचा निकाल असा घसरला की पुढच्याच वर्षापासून ते पुन्हा सुरू करावे लागले. या वीस गुणांसाठी काकांकडे कोणी जात नाही, आत्याला कोणी फोन करत नाही, आणि क्लासचे सर त्यासाठी ट्रिक देत नाहीत, कारण विद्यार्थी उभा राहून आपले नाव, गाव आणि आवडता छंद सांगतो, बाई मान डोलावतात आणि गुणपत्रकात सतराच्या खाली सहसा कोणी जात नाही.